एकसष्ट माणसं, त्र्याऐंशी दाणे

१२ जून २०२४

चि. रूही हिला मोतीलाल सरांचे आशीर्वाद.

पत्राच्या आरंभीच एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो. तुझ्या पाकिटावर माझं नाव 'मिस्टर मोतीलाल' असं आहे. आठवीपासून तू मला सर म्हणत आलीस. इतिहास शिकायला पुण्याला गेलीस तेव्हाही सर म्हणालीस. अमेरिकेच्या विमानात बसताना फोन केलास तेव्हाही सरच होतो. आणि परवा पंचायतीचा शिपाई उखर्डू पोस्टातून टपाल घेऊन आला तो चावडीपासूनच ओरडत, "हाऊ मिस्टर मोतीलाल कोन शे?" मी ओट्यावर बसलो होतो. सव्वीस वर्षं तो मला ओळखतो. माझ्या हातात पाकीट देऊन म्हणाला, "सर, तुमना गल्लीमा कोनी इंग्रज ऱ्हायाले उना का?" शेजारच्या ओट्यावरचे लोक हसले. माझी पदावनती अशा रीतीने जाहीर झाली.

सहा वर्षांनी पत्र लिहिणाऱ्याने निदान हुद्दा तरी शाबूत ठेवावा. असो. तक्रार संपली.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझं अक्षर पाहायला, दुसऱ्यांदा मजकुरासाठी आणि तिसऱ्यांदा डुकरांसाठी. तू लिहितेस की तिकडच्या जुन्या गावांच्या सभांच्या वह्या तू रोज वाचतेस. तीनशे वर्षांपूर्वीच्या. राजा समुद्रापलीकडे, आणि इकडे गावकरी सभा भरवून ठरवतात की कुंपण किती उंच असावं, प्रार्थनाघरात कुणी कुठल्या बाकावर बसावं आणि मोकाट डुकरं कुणी धरावीत. त्या डुक्कर-राखण्याची दरसाल रीतसर निवड व्हायची आणि गंमत म्हणून ती नुकतंच लग्न झालेल्या माणसाच्या गळ्यात घालायचे, हे वाचून मी एकटाच हसलो. आपल्याकडे कोंडवाडा उखर्डूकडे आहे. त्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बरं झायं सर, मना लगीनले तीस वरीस झायात."

तुझ्या प्रबंधाचा प्रश्न मला फार आवडला. राजाला नाही म्हणण्याआधी ही माणसं शंभर-सव्वाशे वर्षं गावातल्या गावात शेजाऱ्याला नाही म्हणायला शिकत होती का? की सभेत बसून नुसत्या माना डोलवायला शिकत होती? तू म्हणतेस, वह्यांवरून कळत नाही, कारण वह्यांत पानोपानी नुसतं 'ठरलं' एवढंच आहे. कुणी विरोध केला असेल तर तो लिहिणाऱ्याने गाळला असावा, असा तुला संशय आहे.

आणि मग शेवटी, सहज विचारल्यासारखा, तो प्रश्न: "गावची इतिवृत्तं तुम्ही लिहिता. सभेत कुणी विरोध केला तर तुम्ही काय लिहिता?"

पोरी, हा प्रश्न विद्येचा आहे की तुझ्या आईचा, हे तू लिहिलेलं नाहीस. मी तूर्त तो विद्येचा धरून उत्तर देतो.

ग्रामसेवकाकडे चार गावं आणि कोंबडीच्या पायांचं अक्षर. म्हणून अठ्ठ्याण्णव सालापासून ग्रामसभेचं इतिवृत्त मी लिहितो आणि तो सही करतो. पद्धत अशी: सभा पंधरा ऑगस्टला असेल तर चौदाच्या दुपारी मी वही घेऊन बसतो आणि सभेत काय झालं ते लिहून काढतो. हो, आदल्या दिवशी. विषय ठाऊक असतात, सरपंच कुणीही असो, निर्णय पुना नानांना ठाऊक असतो, आणि ग्रामसेवकाला संध्याकाळच्या आत दुसऱ्या गावी पोचायचं असतं. सूचक आणि अनुमोदक यांच्या जागा तेवढ्या कोऱ्या ठेवतो. प्रत्येक ठरावाच्या शेवटी 'सर्वानुमते मंजूर करण्यात आले'. कुणी मंजूर केलं? कर्मणि प्रयोगात कर्ता कसा पडद्याआड जातो हे मी तुला शिकवलं होतं. मी स्वतः ते कुठे वापरतो हे शिकवलं नव्हतं.

तेव्हा उत्तर असं की विरोध झाला तर काय लिहायचं, हा प्रसंगच येत नाही. सभा होण्याआधी इतिवृत्त तयार असतं.

तिकडेही असंच असेल का? मला खरोखर उत्सुकता आहे. शाईवरून काही कळतं का?

तुझा
सर (मिस्टर नव्हे)


७ जुलै २०२४

चि. रूही हिला आशीर्वाद.

माझ्या पत्राला पोचायला अठरा दिवस लागले आणि तुझं उत्तर फोनवर अठरा मिनिटांत आलं. ते मी वहीत उतरवून घेतलं, कारण फोनवरचं वाचलं की वाचल्यासारखं वाटत नाही.

मका आणि घेवडा! मी हे वर्गात सांगितलं. संस्कृतच्या वर्गात आता सात जण आहेत: चार गुणांसाठी, दोन आईच्या आग्रहासाठी आणि एक चुकून. सातही जण प्रथमच एकदम जागे दिसले. सोळाशे त्रेचाळीस साली तिकडच्या वसाहतीत कायदा होतो, की अधिकारी निवडताना प्रत्येकाने धान्याचा दाणा टाकावा. मक्याचा दाणा म्हणजे होकार, घेवड्याचा म्हणजे नकार. आणि एकाहून जास्त दाणे टाकेल त्याला दहा पौंड दंड. मी मुलांना म्हटलं, आपल्याकडेही बौद्ध भिक्षूंच्या संघात रंगीत शलाका, म्हणजे काड्या, वाटून मत घेत. म्हणजे गुपचूप नाही म्हणण्याची सोय माणसाला फार जुन्या काळापासून हवी आहे. दंडाचं मात्र मला हसू आलं. एवढा लबाड कोण असेल की होकारही टाकील आणि नकारही? आपल्या गावात त्या कलमाची गरज पडणार नाही, आपली माणसं साधी आहेत.

तू हेही लिहिलंस की त्या सभेत बायकांना मत नव्हतं, गुलामांना नव्हतं आणि ज्यांचा तो मका मुळात होता त्या तिथल्या मूळच्या लोकांना तर नव्हतंच. म्हणजे ज्यांचा दाणा त्यांना दाणा नाही. हे मी वर्गात सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आणि मग तुझी ती एक ओळ: "आईने एक मे दोन हजार अठराला जे म्हटलं ते तुम्ही ऐकलं होतं का?"

ठीक आहे. आता प्रश्न विद्येचा राहिला नाही.

ऐकलं होतं. मी तिसऱ्या रांगेच्या कडेला टेबल टाकून बसलो होतो. विषय होता गावठाणातल्या निंबाखालच्या जागेवर सभागृह बांधण्याचा. त्या जागेवर तुझे वडील, हाशमभाई, चाळीस वर्षं कापूस पिंजत होते. त्यांच्या पिंजणाच्या तारेवर तू माझी रूपं पाठ केलीस. देवः, टंग, देवौ, टंग, देवाः. अजून मला ती विभक्ती त्या ठेक्याशिवाय म्हणता येत नाही. तर नानांनी विषय वाचला, पाच-सात माणसांनी 'मंजूर' म्हटलं, आणि तुझी आई, हमीदाभाभी, उभ्या राहिल्या. बायकांत त्या एकट्या, आणि पदर डोक्यावरून नीट करून अगदी सावकाश म्हणाल्या, "मना विरोध शे. सर, लिखी ल्या."

मी मान वर करून पाहिलं. हातात पेन होतं. पुढ्यात वही होती. वहीत आदल्या दुपारीच लिहिलेलं होतं: सर्वानुमते मंजूर, कोणाचीही हरकत नाही.

पुढचं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. भाभींनी तहसीलला अर्ज केला, तिथून वहीची नक्कल मागवली गेली, नकलेत कुणाचीच हरकत नव्हती, अर्ज निकाली. निंब पडला. हाशमभाई जळगावला गादीच्या दुकानात शिवणकामाला लागले. तिथे मशीन आहे, तारेचं काम नाही.

मी लिहिलं नाही ते विसरून नाही, एवढं आज कबूल करतो. बाकीचं कधीतरी.

सर


१७ ऑगस्ट २०२४

चि. रूही,

तू मला आधी का सांगितलं नाहीस? की तुलाही माहीत नव्हतं?

परवा पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत हमीदाभाभी आणि हाशमभाई जळगावहून एसटीने आले. दोघांची नावं अजून गावच्या यादीत आहेत. सभा त्या सभागृहातच. वर्षातून चार सभा आणि बाकी वेळ मंडपवाल्याच्या खुर्च्या, एवढा त्याचा उपयोग. हाशमभाई दारात थांबले, छताकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "सर, निंब बराबर या पंख्याखाली होता." मग आत आले.

भाभींनी अर्ज दिला. चार ओळींचा, त्यांच्याच हातचा. मागील इतिवृत्तात दुरुस्ती व्हावी, मी एक मे दोन हजार अठराच्या सभेत विरोध केला होता तो नोंदवावा. नाना जरा गोंधळले. तुला नाना आठवतात तसेच आहेत: पांढरी टोपी, गोड बोलणं, कुणाच्याही मयताला पहिले. ते म्हणाले, "हमीदा, आते जागानं काय? बांधकाम व्हयी गयं."

भाभी म्हणाल्या, "जागा नको माले, नाना. मी उभी ऱ्हायनू तेवढं लिखा."

सरपंच भुरीबाई खुर्चीत होत्या. त्या नानांनीच निवडून आणलेल्या. सभेत त्यांची खुर्ची बोलत नाही आणि नानांची सतरंजी बोलते, अशी वहिवाट आहे. नाना म्हणाले, सहा वर्षांची गोष्ट, कुणाला काय आठवतंय, कुणाला आठवत असेल तर हात वर करा. रूही, सभागृहात साठ-सत्तर माणसं होती आणि त्यांतली निम्मी त्या दिवशीही होती. एकही हात वर गेला नाही. माझ्या हातात पेन होतं, हे मी निमित्त सांगतो.

तेव्हा माझ्या तोंडून ते निघून गेलं. का, ते मला नीट ठाऊक नाही. तुझ्या वह्या डोक्यात घोळत असाव्यात. मी म्हटलं, "नाना, उघड हात करायला लोक संकोचतात. पुढच्या सभेला दाण्यांनी विचारू. मका म्हणजे भाभींचा विरोध लिहावा. चवळी म्हणजे लिहू नये. मडक्यात टाकायचं, कुणी पाहायचं नाही."

लोक हसले, पण नाना खूश झाले. "हाऊ खेळ तुम्हले कोनी सांगा सर?"

"अमेरिकेत तीनशे वर्षांपूर्वी असंच करत," मी म्हटलं.

"मंग आपन कसाले मागे ऱ्हायसूत?" नाना म्हणाले. दोन ऑक्टोबरला घ्यायचं ठरलं. नानांना खात्री आहे, हे मला दिसलं. मला त्या खात्रीचं कुतूहल वाटलं.

निघताना भाभी मला एवढंच म्हणाल्या, "दाना कसाले सर? तुमी ते आयकेल शे ना."

सर


४ सप्टेंबर २०२४

चि. रूही,

परवा पोळा झाला. तुझ्या प्रबंधासाठी एक टिपण पाठवतो, फुकट.

तू लिहिलंस की तिकडे प्रार्थनाघरातल्या बाकांवर माणसं मानाप्रमाणे बसवण्यासाठी गाव एक समिती नेमत असे, आणि त्या समितीवरून जेवढी भांडणं झाली तेवढी राजावरूनही झाली नसतील. आपल्याकडे वेशीतून पहिला बैल नानांचा जातो, हे तुला माहीत आहे. पण नानांनी चार वर्षांपूर्वीच बैल विकले. आता ट्रॅक्टर. तरी पहिला मान नानांचाच. म्हणून दर पोळ्याला सुकलाल, म्हणजे भुरीबाईचा नवरा, आपली जोडी सकाळी नानांच्या दारात नेऊन बांधतो, नाना तिला झूल घालतात, ती नानांची म्हणून वेशीतून पहिली जाते आणि संध्याकाळी सुकलालच्या गोठ्यात परत. मग सुकलालकडे स्वतःचे म्हणून मिरवायला बैल उरत नाहीत. मी त्याला विचारलं, "सुकलाल, तुझी जोडी तुझी म्हणून कधी जाणार?" तो म्हणाला, "जास ना सर, नानानी म्हनीसन जास." त्याला त्यात काही खटकत नव्हतं. बैलांचं माहीत नाही.

यात जुलूम कुठे आहे, मला सांग. नाना कुणाला धमकावत नाहीत. तू सांगितलेल्या तिकडच्या दक्षिणेतल्या ज्या वसाहतीत मतदार मोठ्याने पसंतीचं नाव सांगायचा आणि उमेदवार समोर उभा राहून त्याचे वाकून आभार मानायचा, तिथेही कुणी धमकावत नसेल. नुसते आभार मानत असतील. आभार मानणाऱ्याला नाही म्हणणं मला तरी धमकावणाऱ्याला नाही म्हणण्याहून जड जातं.

आता ते बाकीचं. दोन हजार अठराच्या फेब्रुवारीत शाळेच्या समितीसमोर संस्कृत बंद करण्याचा विषय आला होता. मुलं नाहीत, तासिका वाया, मोतीलाल सरांना मराठीचे तास द्यावेत किंवा दुसऱ्या शाळेत पाठवावं. नाना समितीवर होते. ते म्हणाले, गावात एक तरी माणूस संस्कृत जाणणारा असू द्या, शोभा असते. विषय मागे पडला. सर्वानुमते. मी नानांच्या घरी जाऊन आभार मानले. त्यांनी चहा दिला आणि काहीच मागितलं नाही. मेमध्येही काही मागितलं नाही. तेव्हा मला कुणी काही करायला लावलं, असं मी म्हणू शकत नाही. मीच समजून घेतलं.

हे तू विचारलं नव्हतंस. तू फोनवर विचारलं होतंस की मडक्यापुढे पडदा लावणार का. नाही, पडद्याची गरज नाही. मूठ झाकायला माणसाला पाच बोटं असतात.

सर


३ ऑक्टोबर २०२४

चि. रूही,

काल झालं. आता दुपारचे दोन वाजलेत, वही माझ्यापुढे आहे आणि उखर्डू चारला ती न्यायला येणार आहे. म्हणून क्रमाने लिहितो.

या वेळी मी पहिल्यांदा आदल्या दिवशी काही लिहिलं नाही. ग्रामसेवक हैराण झाला. म्हणाला, "सर, पान कोरं?" मी म्हटलं, "काय होणार ते ठाऊक नाही ना." त्याला हे उत्तर समजलं नाही. सव्वीस वर्षांत मलाही पहिल्यांदाच द्यावं लागलं.

सभेला बायका जास्त आल्या होत्या. भाभी आणि हाशमभाई पुढच्या रांगेत. उखर्डूने दारातच प्रत्येकाला एक मक्याचा दाणा आणि एक चवळीचा दिला आणि सांगितलं, एक टाका, एक खिशात ठेवा. मडकं टेबलावर ठेवलं. दाणा टाकणारे मोजायला मला बसवलं. टेबलाशेजारी नाना सतरंजीवर बसले, नेहमीच्या जागी.

पहिला आला सुकलाल. मडक्यापाशी आला, थांबला, नानांकडे वळला आणि तळहात उघडून दाखवला. त्यावर चवळी. नानांनी मान हलवली. सुकलालने हात मडक्यात घातला.

नाना काही म्हणाले नव्हते, रूही. मी शपथेवर सांगतो. दुसरा आला, त्यानेही तळहात उघडून दाखवला. मग तिसरा. प्रसाद दाखवावा तसं. म्हातारीकोतारी माणसं तर वाकून दाखवत होती. मी म्हटलं, "अहो, गुप्त आहे, दाखवायचं नाही." एक आबा म्हणाले, "नानापासून काय गुप्त, सर?" नानाही अवघडले. पण प्रत्येकाला मान हलवून देत राहिले; आलेल्या माणसाला ओळख न देणं त्यांना जमत नाही.

भुरीबाई आल्या तेव्हा मूठ बंद. नाना हसत म्हणाले, "भुरीबाई, दखाड ना."

"मूठ उघाडी ते दाना पडी जाई, नाना," त्या म्हणाल्या, आणि टाकून खुर्चीत जाऊन बसल्या.

भाभींनी मका बोटांच्या चिमटीत धरून सगळ्यांना दिसेल असा टाकला. हाशमभाईंनीही. शेवटी मी उठलो, कारण माझं नावही यादीत आहे.

दाणे मोजायला भुरीबाईच पुढे आल्या. "सरपंच मी शे ना? मंग मीच मोजस." टेबलावर मडकं पालथं केलं आणि एकेक दाणा बोटाने सरकवत मोठ्याने मोजू लागल्या. पन्नासनंतर लोक चुळबुळू लागले. माझ्या वहीत टाकणारी माणसं एकसष्ट होती. भुरीबाई बासष्ट म्हणाल्या. त्रेसष्ट म्हणाल्या. थांबल्या नाहीत. त्र्याऐंशीला टेबल रिकामं झालं.

चवळी छप्पन्न. मका सत्तावीस.

तू गणितात माझ्याहून बरी आहेस, पण मी रात्री तीनदा करून पाहिलं. माणसं एकसष्ट आणि दाणे त्र्याऐंशी, म्हणजे बावीस माणसांनी दोन्ही दाणे टाकले. तळहातावर नानांना चवळी दाखवली आणि बोटांच्या बेचक्यात मका धरून ठेवला. दोघांचंही मन राखलं. ज्या कलमाला मी जुलैत हसलो होतो ते तिकडच्या लोकांनी पावणेचारशे वर्षांपूर्वी कशासाठी लिहिलं असेल, ते आता कळलं. त्यांच्याकडेही साधी माणसं असणार.

आणि पाच जणांनी नुसता मका टाकला. तुझी आई, तुझे वडील आणि, माझी खात्री आहे, भुरीबाई. उरलेले दोघं कोण, मला माहीत नाही. त्या दोघांनी नानांना दाखवलं ते काय, आणि टाकताना चवळी दडवली कुठे? गावात जाता-येता आता मी लोकांच्या हातांकडे बघत असतो.

नाना सावरले. म्हणाले, "मोजणीमा घोळ व्हयना. बठ्ठा खेळच. सर, लिखी टाका, विषय सर्वानुमते रद्द." लोक उठू लागले, चहाचे पेले आले.

तेव्हा भाभी टेबलापाशी आल्या. दाणे अजून तिथेच पडले होते. त्या मला म्हणाल्या, "सर, तुमना दाना कोनता?"

मी म्हटलं, "भाभी, गुप्त मतदान होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. चवळीचा एक दाणा आणि मक्याचा एक दाणा उचलला, जवळजवळ ठेवला आणि हाशमभाईंना म्हणाल्या, "चाला, गाडी चुकी जाई."

रूही, त्या बावीस जणांत मी एक आहे. मी नानांना चवळी दाखवली. दोन्ही टाकले. कुणी मागितलं नव्हतं.

आज सकाळी मी वही उघडली आणि पुढचं लिहिलं. शब्दशः उतरवून देतो:

"विषय क्र. १. मागील इतिवृत्तात दुरुस्ती करणे. दाणे टाकणारे एकसष्ट. दाणे त्र्याऐंशी, चवळी छप्पन्न, मका सत्तावीस. निर्णय झाला नाही. या विषयी एकमत नव्हते. इतिवृत्त लिहिणारा मोतीलाल स्वतःच्या माहितीने नोंदवतो की दि. १ मे २०१८ रोजीच्या ग्रामसभेत हमीदा हाशम पिंजारी यांनी उभे राहून 'मना विरोध शे. सर, लिखी ल्या' असे सर्वांसमक्ष सांगितले होते. ते मी ऐकले होते. मी लिहिले नाही. त्या दिवसाचे इतिवृत्त मी आदल्या दिवशी लिहिलेले होते."

या वेळी कर्ता पडद्याबाहेर आहे. खाली माझी सही. ग्रामसेवकाची जागा कोरी आहे. तो सही करील असं वाटत नाही.

तुझ्या वह्यांत असा लिहिणारा कधी सापडला का? मी हे आधीही विचारणार होतो. तीनशे वर्षांत, एवढ्या गावांत, एकाने तरी मागे जाऊन 'मी गाळलं होतं' असं लिहिलं का? मला जाणून घ्यायचं आहे. सापडला असेल तर त्याचं पुढे काय झालं, तेही.

हे पत्र तुला अठरा दिवसांनी मिळेल, म्हणून पानाचा फोटो आत्ताच तुझ्या फोनवर पाठवला आहे. तू झोपली असशील. तसाच एक जळगावला, भाभींच्या फोनवर पाठवला. त्यांनी तो पाहिला. उत्तर आलेलं नाही.

फोटो पाठवण्याचं कारण तू सौजन्य समजू नकोस. चारला उखर्डू वही घेऊन नानांकडे जाईल. नाना पान वाचतील, चहा देतील आणि अगदी हळू आवाजात म्हणतील, सर, एवढं पान बदला. मला नानांची काळजी वाटत नाही, नोकरीचीही नाही. संस्कृत यंदा नाही तर पुढच्या वर्षी बंद होणारच आहे. मला माझी काळजी वाटते. ते तसं म्हणाले तर मी बदलीन.

मोतीलाल